ओल

माझं काम ओल राखायचं.
एप्रिलात, साखर पेठेत, पत्र्याखाली.
नळाला पाणी चौथ्या दिवशी,
आणि पहिली घागर दगडाची, मग माणसांची,
दस्तगीरचाचांचा तसा नियमच.
"ओल सुटली की शाई सगळीकडं बसती बे पोरा,
मग पोपट कुठला न् आभाळ कुठलं."

दगड जर्मनीचा. मुंबईच्या कुठल्या बुडालेल्या छापखान्यातून
पेंढ्यात निजून मालगाडीनं आलेला,
शिळ्या तुपाच्या रंगाचा.
आपला काळा पत्थर पाणी पीत नाही, चाचा म्हणत,
हा पितो, आणि लक्षात ठेवतो.
बोट टेकलं तरी छापतो.

राजमल्लू चिलका दुपारी येत,
मिलचा भोंगा झाला की.
चिलका म्हणजे तेलुगूत पोपट,
आणि आयुष्यभर त्यांनी काढला पोपटच:
विडीच्या कट्ट्यावरचा, चोचीत तेंदूचं पान.
काढायचा उलटा. अक्षरंही उलटी,
मराठी, कन्नड, तेलुगू,
तिन्ही उजवीकडून डावीकडं.
इतका हात बसला की एकदा रेशनच्या वहीत
सहीच उलटी केली,
आणि दुकानदाराला म्हणाले, आरशात बघा.

भांडत खूप.
"तुमचा हिरवा मेथीचा, माझा पंखाचा."
"पंख शेठला दाखवा, मला शाईचा भाव माहितै."
मग दोन-दोन दिवस बोलणं बंद,
निरोप माझ्याकरवी, चार हातांवरून.
चार रंगांचे चार दगड, कोपऱ्यांत फुल्या.
फुलीवर फुली बसली की
दोघंही एकदम गप्प व्हायचे,
आणि कागद दोन टोकांना दोघं धरून
उचलायचे, तापलेल्या तव्यावरून
भाकरी उचलावी तसा.

कागदाच्या कडेला चाचांचा अंगठा उमटलेला असे.
कटिंगमध्ये जायचा.
चिलकांचं नाव तर कागदावर चढलंच नाही.
नाव शेठचं, पत्ता शेठचा.

मग चिलकांचा हात हलायला लागला.
आधी शेपटीच्या रेघेत दिसलं.
चाचांनी बाभळीच्या डिंकात तेजाब
दोन थेंब जास्त टाकलं,
कापरेपण खाऊन टाकलं दगडाकडून,
बोलले नाहीत.
पण डोळा?
डोळा म्हणजे खसखशीएवढा ठिपका,
त्याला तेजाब जास्त झालं तर पोपट आंधळा.

त्या संध्याकाळी वीज नव्हती. कंदील मी धरला.
चिलका तीनदा वाकले, तीनदा उठले.
चौथ्यांदा चाचा मागून आले,
लुंगीला हात पुसला, पुन्हा पुसला,
आणि त्यांचं मनगट धरलं.
"मेल्लगा," चिलका म्हणाले.
हळू.
चाचांना तेलुगू येत नव्हतं. हळूच केलं त्यांनी.
बाहेर कुणाचा तरी हातमाग
खट् आणि खट् च्या मध्ये थांबला होता,
किंवा मलाच ऐकू आला नाही.
डोळा उतरला.

दस्तगीर म्हणजे हात धरणारा,
हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.
तोवर मला ते नुसतं नाव वाटायचं.

चिलका गड्ड्याच्या यात्रेआधी गेले.
शेठला पोपट हवाच होता.
दोन वर्षं चाचा त्याच दगडांवरून छापत राहिले.
हिरवा फिका पडला, चोचीतलं पान गेलं,
डोळा तेवढा राहिला.
नव्या चित्रासाठी काळा दगड घासायची वेळ आली
तेव्हा सिनेच्या पात्रातली वाळू मागवली त्यांनी.
चाळली.
परत पोत्यात भरली.
"तू काढ की एखादा," मला म्हणाले.
मी बसलो. माझा पोपट कोंबडी झाला.
चाचा हसले, कितीतरी दिवसांनी.
"ऱ्हाऊ दे. तू ओल राख."

आता दगड माझ्या घरी, माठाखाली.
झिरपतं पाणी त्यावर, तो पितो.
चित्राची बाजू खाली ठेवलीय.
वर केली तर नातवंडं विचारतील, कुणी काढलं,
आणि एकच नाव सांगावं लागेल.